ठेंगूचा बाक

मिस्तरींनी व्हिसाच्या अर्जात खरं लिहिलं, तिथेच सगळा घोटाळा झाला.

'प्रवासाचा हेतू' असं छापलेलं होतं तिथे दुसऱ्या एखाद्या शहाण्या माणसाने 'पर्यटन' लिहून हात झटकले असते. मिस्तरींनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बाकाला पॉलिश करणे.' आणि किती वेळा जायचं आहे, या प्रश्नापुढे लिहिलं, 'दरवर्षी. बाहेरचं लाकूड आहे.' अर्ज नामंजूर होऊन परत आला. आमच्या देशात पाहुणा म्हणून येणाऱ्याला काम करता येत नाही, असं सोबतच्या कागदावर होतं.

मेव्हण्याने तो कागद वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. या मेव्हण्याला अख्खं गाव मामाच म्हणायचं. त्याचं विमानाच्या तिकिटांचं दुकान होतं. स्वतः त्याने विमानात कधी पाय ठेवला नव्हता, पण जगातल्या कुठल्या विमानतळावर संडास कुठल्या बाजूला आहे इथपर्यंत सगळं ठाऊक असल्याच्या थाटात तो बोलायचा.

"भावोजी, कोणी सांगितलं होतं एवढं खरं लिहायला?"

"मग काय लिहू? पॉलिशच करायला जायचंय मला."

"ते मनात ठेवायचं! कागदावर कशाला? आता ते म्हणणार, हा माणूस आमच्याकडच्या कारागिराच्या पोटावर पाय द्यायला येतोय."

"एका बाकाने कुणाच्या पोटावर पाय पडतो?" मिस्तरी म्हणाले.

मिस्तरींचा धंदा लाकडाला पॉलिश करण्याचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळायचा आणि एकामागून एक हात देत जायचं. थराला त्यांच्यात हातच म्हणतात. पहिला हात नेहमी पातळ, इतका पातळ की गिऱ्हाईक विचारतं, मिस्तरी, काही लावलंय की नुसतंच पुसलंय? मग तो वाळू द्यायचा. मग काचपेपर हलकेच फिरवायचा, मग दुसरा हात. घाई केली की वरून चकाकतं आणि आतून चिकट राहतं, आणि त्यावर बसणाऱ्याच्या कपड्यांची वाट लागते.

ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या म्हाताऱ्याने त्यांना आणखी एक नियम घालून दिला होता. आपण पॉलिश केलेल्या खुर्चीवर आपण बसायचं नाही. ज्याची खुर्ची, तो आधी बसेल. म्हातारा गेला, नियम राहिला, आणि राहता राहता असा मुरला की मिस्तरींना चांगल्या खुर्चीवर बसताच येईना. लोकांच्या घरी गेले की ते उभेच राहत, नाहीतर जमिनीवर टेकत. स्वतःच्या घरात ते स्पिरिटच्या रिकाम्या, पालथ्या घातलेल्या डब्यावर बसायचे. त्यांना तेच बरं वाटायचं.

या डब्यावरून त्यांना सगळ्यात जास्त छळलं असेल तर ते ठेंगूने. ठेंगू म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं. पुढे ती बापाच्या डोक्यावर हातभर गेली, कारखान्याच्या ठेंगण्या दारातून वाकून आत यायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नर्स झाली आणि परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला लागली. पहिल्या पगारात तिने मामाकरवी बापाला एक हातांची खुर्ची घेऊन दिली. मिस्तरींनी ती उलटीसुलटी करून पाहिली, दुकानदाराच्या पॉलिशला मनसोक्त नावं ठेवली, सगळं खरवडून नव्याने केलं, आणि आरशासारखी लखलखणारी ती खुर्ची भिंतीशी ठेवून स्वतः तिच्यासमोर डब्यावर बसले.

फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बाबा, बसलात का?"

"वाळतेय अजून."

"इतकी वर्षं? एवढ्यात झाडसुद्धा वाळलं असतं बाबा!"

ती हसायची, हेही हसायचे, आणि खुर्ची भिंतीशीच राहायची.

ती दर सुट्टीला बोलवायची. एकदा तिने तिकडून सगळे कागद पाठवले आणि आईबापांचा व्हिसा झाला, ठरावीक मुदतीचा, एकदाच जाता येईल असा. बायकोने बॅग भरली. नेमकं त्याच वेळी एका सभागृहाचं काम आलं, रांगाच्या रांगा खुर्च्या. एवढं उरकतो आणि निघू, मिस्तरी म्हणाले. खुर्च्या काही संपेनात. व्हिसाची मुदत मात्र संपली. बायकोने बॅग उघडली, एकेक कपडा काढून कपाटात ठेवला आणि चकार शब्द काढला नाही. तिने तेव्हा भांडायला हवं होतं, असं मिस्तरींना पुढे फार वाटायचं. भांडली असती तर गेलो असतो, असं ते मनाशी म्हणायचे, आणि हे आपण उगाच स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणतोय हेही त्यांना कळायचं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ठेंगू ड्यूटीवर असतानाच चक्कर येऊन पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलातच पडली, भोवती सगळे डॉक्टर, तरी ती हाती लागली नाही. इकडून नव्या व्हिसासाठी धावाधाव करेपर्यंत तिकडचं सगळं तिकडेच उरकलं. मामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर उभं राहून नवराबायकोने ते पाहिलं. मामाने दोनदा खुर्च्या पुढे केल्या. कोणी बसलं नाही.

वर्षभराने तिच्याबरोबरच्या नर्सनी वर्गणी काढून हॉस्पिटलच्या बागेत तिच्या नावाचा एक लाकडी बाक ठेवला. तिची खोलीवरची मैत्रीण, तीही नर्सच, दर वर्षी त्याचा फोटो पाठवायची. पहिल्या फोटोत बाक तुकतुकीत होता. मिस्तरींनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. लाकूड चांगलं आहे, सांधे चांगले आहेत, असं म्हणाले. पुढच्या फोटोत त्यांना बाकाच्या उजव्या हाताच्या टोकाशी फिकट डाग दिसला. त्याच्या पुढच्या फोटोत तो डाग पसरला होता, बैठकीच्या पट्ट्याही फिकटल्या होत्या.

"बोडका पडत चाललाय," मिस्तरी म्हणाले. "कोणी बघत नाहीये त्याच्याकडे. पाऊस, बर्फ, सगळं झेलतोय आणि वर एक हात मारायला कोणी नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला चैन पडेना. कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या टेबलाला तर त्यांनी ओल्यावरच दुसरा हात दिला, जे उभ्या जन्मात केलं नव्हतं. व्हिसाचा अर्ज त्यातूनच आला.

"एकदा जाऊन करून या ना," बायको म्हणाली. "दर वर्षी कशाला?"

"अगं, बाहेरचं लाकूड आहे. एकदा करून भागत नाही. दर वर्षी बघावं लागतं."

"लाकडाचं मला शिकवू नका." तिने चुलीवरचं खाली उतरवलं. "जा. नाही म्हणत नाही मी."

"तू पण चल. दोघांचा अर्ज करू."

"मला नाही जायचं. माझी बॅग एकदा भरून झालीय."

मिस्तरींनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्या बॅगेचं नाव तिने पहिल्यांदा काढलं होतं. तिचा पासपोर्ट त्यांच्या हातात होता, तो पुढे करून ते काही बोलणार होते. ती म्हणाली, "कुठंतरी ठेवून द्या तो. माझ्या डोळ्यांसमोर नको." त्यांनी तो ठेवून दिला.

तर, पहिला अर्ज नामंजूर झाला. मामाने दुसरा अर्ज स्वतःच्या हाताने भरला. हेतू पर्यटन. अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा हवा, कारण देश मोठा आहे आणि एका खेपेत बघून होत नाही. यावेळी मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा मामा रोज संध्याकाळी घरी येऊन भावोजींची शिकवणी घेऊ लागला.

"तिथे काय बघणार?"

"बाक."

"भावोजी! धबधबा. धबधबा म्हणा. मग संग्रहालय. मग जुना पूल."

"धबधबा, संग्रहालय, पूल."

"हं. आणि पुन्हा पुन्हा का जायचंय?"

"पहिला हात वाळायला..."

मामाने स्पिरिटच्या डब्यावर बसकण मारली आणि डोकं धरलं. स्वयंपाकघरातून बायको हसली. घरात ती किती दिवसांनी हसली होती. मिस्तरींना बरं वाटलं, पण बापाची अशी फजिती पाहून सगळ्यात जास्त जी हसली असती ती त्या हसण्यात नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. कचेरीत काचेमागे एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. त्यांना आपली भाषा येत होती, पण शिकून घेतलेली. शब्द जपून ठेवत बोलायच्या. काचेच्या अलीकडे एक खुर्ची होती. बाईंनी बसायची खूण केली. मिस्तरी म्हणाले, "असू दे, उभाच बरा आहे," आणि सवयीने त्यांचा अंगठा खुर्चीच्या पाठीवरून फिरला. हलकं काम होतं.

"मागच्या अर्जात तुम्ही पॉलिशचं काम लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "या अर्जात पर्यटन. यातलं खरं काय?"

धबधबा, संग्रहालय आणि पूल तिघेही मिस्तरींना सोडून पळाले.

"पहिलं," ते म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग पासपोर्टची पानं उलटली आणि एका पानावर थांबल्या. "हा आमचाच जुना व्हिसा. हा तुम्ही वापरला नाही."

"नाही."

"का?"

"काम आलं होतं. एका सभागृहाच्या खुर्च्या होत्या."

"तेव्हा तिथे कुणाकडे जाणार होता?"

"मुलीकडे."

"आणि आता?"

मिस्तरींनी खिशातून फोटो काढला आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवला. "आता हा बाक आहे," ते म्हणाले.

बाईंनी फोटो पाहिला. बाकाच्या पाठीवरची पितळी पट्टी त्यांनी फोटो जवळ धरून वाचली असावी, कारण त्यांनी पासपोर्टवरचं आडनाव पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी फोटो परत दिला, तो अगदी जपून, दोन्ही हातांनी.

"तुम्हाला तिथे काम करता येणार नाही. तो बाक हॉस्पिटलचा आहे. ब्रश, कापूस, काहीही हातात धरायचं नाही. हे मला बदलता येत नाही."

"हो."

"मग समजा, मी तुम्हाला पुन्हा पुन्हा जायची परवानगी दिली, आणि बाकाला काहीच करायचं नाही, तर दर वेळी तिथे जाऊन तुम्ही काय कराल?"

याचा मिस्तरींनी कधी विचारच केला नव्हता. काम नसेल तर माणूस कुठे जातो कशाला? त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. लाखेने नखं कायमची तांबूस झालेली. या हातांना काम नसलं तर त्यांचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"बसेन," ते म्हणाले.

आपल्या तोंडून काय गेलं हे ऐकून त्यांनाच नवल वाटलं. बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पासपोर्ट आला तेव्हा मामाने तो पाकिटातून काढून उजेडात धरला आणि ओरडला, "मल्टिपल! भावोजी, मल्टिपल! कितीही वेळा जा, कितीही वेळा या!" हे सगळं आपल्याच शिकवणीचं फळ आहे असं त्याने त्या आठवड्यात अख्ख्या बाजाराला सांगितलं. मिस्तरींनी त्याला तो आनंद घेऊ दिला.

पण बसेन म्हणून शब्द देऊन आलेल्या माणसाला आता बसता यायला हवं होतं. एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून ते ठेंगूने दिलेल्या खुर्चीपुढे उभे राहिले. तिच्या हातांवरून फडकं फिरवलं. मग वळले, गुडघे वाकवले, आणि बूड टेकायच्या आत विस्तव लागल्यासारखे उठले. बसलात का, असं कोणीतरी विचारील असं वाटत राहणार आणि विचारणारं कोणीच नाही, हे त्या खुर्चीत बसून सोसायचं होतं. ते त्यांच्याने होईना. ते कारखान्यात गेले आणि कामाला लागले.

निघायच्या दिवशी बायकोने बॅग तपासली. लाखेची पुडी आणि बोळा मोज्यांमध्ये सापडला.

"शब्द दिलाय ना?"

"सवयीने ठेवला असेल."

"काढा."

त्यांनी काढला. ती दारापर्यंत आली. "पोचलात की फोन करा," म्हणाली, आणि थोडं थांबून, "तिथे गेलात की आधी तिला सांगा, आईचे गुडघे दुखतात म्हणून आली नाही." तिचे गुडघे चांगले ठणठणीत होते. मिस्तरी हो म्हणाले.

मैत्रीण विमानतळावर घ्यायला आली होती. "काका, प्रवास कसा झाला? जेवलात का नीट?" असं विचारत तिने त्यांची बॅग ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना हॉस्पिटलच्या बागेत घेऊन गेली. बाग लहानशीच होती, मागच्या बाजूला, दोन इमारतींच्या मध्ये. ऊन पडलं होतं पण त्यात ऊब नव्हती. बाक एका झाडाखाली होता. मिस्तरी लांबूनच थबकले.

"मी थांबते इथे," मैत्रीण म्हणाली. "तुम्ही जा."

ते बाकापाशी गेले. पट्टीवरचं नाव त्यांनी वाचलं नाही, वाचायचा धीर झाला नाही. त्याऐवजी ते जे आयुष्यभर करत आले ते त्यांनी केलं. खाली बसून बाकाचे पाय पाहिले. लाकूड सडायला लागतं ते पायांपासून, जिथे पाणी साचतं तिथून. पाय चांगले होते. तेल मुरलेलं, अगदी तळापर्यंत. त्यांनी मान वाकवून खालची बाजू पाहिली, मग पाठीची वरची पट्टी, जिच्यावर पाऊस थेट पडतो. तीही चांगली. कोणीतरी दर वर्षी नेमाने तेल देत होतं, आणि देणाऱ्याला काम येत होतं. नावं ठेवायला जागा नव्हती.

मग बोडका का पडला?

ते उजव्या हाताच्या टोकाशी आले, फोटोत फिकट दिसत होतं तिथे. सदऱ्याच्या खिशात काचपेपरचा एक दुमडलेला तुकडा होता; प्रत्येक सदऱ्याच्या खिशात असायचाच, आणि तिथे पाहायचं बायकोच्याही ध्यानात आलं नव्हतं. तो चिमटीत धरून त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा त्या डागावरून फिरवला.

अंगठा सुळकन गेला. तिथे खरबरीत काहीच नव्हतं. पावसाने खाल्लेलं लाकूड अंगठ्याला टोचतं, तंतू उभे राहतात. हे लाकूड लोण्यासारखं मऊ लागत होतं, आणि जवळून पाहिलं तर त्याला आतून एक मंद झळाळी होती. मिस्तरींनी ती लगेच ओळखली. जुन्या जिन्याच्या कठड्याला असते तशी झळाळी. तिला लाख लागत नाही, बोळा लागत नाही. ती फक्त माणसांच्या हातांनी येते, वर्षानुवर्षं टेकून, आणि कुठल्याही मिस्तरीला ती काही केल्या आणता येत नाही. बैठकीच्या पट्ट्यांवरही तेच. पाठीवर, जिथे माणूस रेलतो, तिथेही तेच.

फोटोवरून ते साफ चुकले होते. पॉलिशवाल्याची नजर, तिला डाग दिसला आणि हेळसांड दिसली. बसणारी माणसं दिसली नाहीत.

"इथे कोण बसतं?" त्यांनी वळून विचारलं.

मैत्रीण जवळ आली. "सगळेच बसतात काका. ड्यूटी संपली की आम्ही येतो. कुणाचा पेशंट गेला, कुणाचं साहेबांशी वाजलं, की इथे येऊन बसायचं. पेशंटची माणसं बसतात. ठेंगूकडे जाऊन येते, असंच म्हणतात सगळ्या. त्यांना धड म्हणता पण येत नाही ते. तेंगू, तेंगू करतात." ती हसली आणि तिने डोळे पुसले. "तीच सगळ्यांना सांगायची, मला घरी असं म्हणतात म्हणून. एवढी उंच पोरगी आणि नाव ठेंगू. सगळे हसायचे."

मिस्तरींनी काचपेपरचा तुकडा पुन्हा खिशात ठेवला. एवढी माणसं तिच्याकडे येऊन बसून गेली होती की लाकूड झिजलं. परक्या देशातली, जिभेला नाव न वळणारी माणसं. आणि आपण एकदाही आलो नाही. खुर्च्या पॉलिश करत बसलो, लोकांनी बसावं म्हणून. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

तेवढ्यात इमारतीच्या दारातून हॉस्पिटलचे कपडे घातलेला, वरून जाड कोट पांघरलेला एक म्हातारा काठी टेकत आला. त्याने या दोघांकडे पाहिलं, मान लववली, आणि रोजची जागा असावी तसा बाकाच्या डाव्या टोकाला हुश्श करून बसला. रडणारी माणसं या बाकाला नवी नसावीत. थोडा वेळ गेला, मग तो आणखी कडेला सरकला आणि रिकाम्या जागेवर दोनदा थाप मारली.

ज्याची वस्तू तो आधी बसेल. मिस्तरींच्या मनात आलं, हा तर बसला. आता काय राहिलं?

ते बसले. हळू बसले, पाठ टेकवली, आणि त्यांचा उजवा हात आपोआप त्या झिजलेल्या टोकावर गेला. बसलोय गं, ते मनात म्हणाले. ऐकतेस का? तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. हे खोटं आहे. माझ्यामुळे आली नाही.

फार वेळ त्यांना बसवलं नाही. ते उठले. म्हाताऱ्याने पुन्हा मान लववली.

"इतक्यात, काका?" मैत्रीण म्हणाली. "एवढ्या लांबून आलात. बसा ना अजून."

"आज एवढंच," मिस्तरी म्हणाले. "पहिला हात पातळच द्यायचा असतो."

खोलीवर परत न जाता त्यांनी बागेतूनच घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला बायकोने उचलला. हातातच धरून बसली असावी.

"पोचलात? गेलात तिथे?"

"इथंच आहे. बाक चांगला आहे. मला काही करायला लागणार नाही."

मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "बसलात का?"

हा प्रश्न त्यांना इतकी वर्षं कोणी विचारला नव्हता.

"बसलो," ते म्हणाले. "थोडा वेळ. उद्या पुन्हा बसेन. माझ्याशेजारी एक जागा रिकामी होती." मग त्यांनी सगळा धीर एकवटला. "त्या वेळी माझं चुकलं. तुझी बॅग मी रिकामी करायला लावली. मी पुन्हा येणार आहे इथे. पुढच्या खेपेला तू येशील?"

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी बाजूला सारल्याचा, मग पुन्हा दाराचा.

"अहो," बायको म्हणाली, "माझा पासपोर्ट कुठे ठेवलाय तुम्ही?"